क्रिकेटला तेवीस शिक्के

अंबरीष मोडकचा कुणीही अपमान केला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. जपानातल्या कावासाकीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो एवढंच म्हणाला होता, की जगात फुटबॉलच्या खालोखाल लोक क्रिकेट बघतात. त्यावर समोर बसलेले त्याचे टीम लीडर मोरिता-सान नूडल्स खाता खाता थांबले, "सो देस का" म्हणाले आणि पुन्हा नूडल्स खायला लागले. ‘असं होय’ एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी वाद घातला असता तर अंबरीष जिंकला असता. थट्टा केली असती तर त्यानंही थट्टा केली असती. पण नुसतं ‘असं होय’? अख्ख्या देशाचा जीव ज्या खेळात अडकलेला असतो त्याची बोळवण तीन शब्दांत, आणि तीही तोंडात घास असताना!

टोकियोतल्या निशी-कसाईला घरी पोचेपर्यंत त्याचा निश्चय झाला होता. ‘विविध देशांतील प्रेक्षकप्रिय खेळ : एक तुलनात्मक अभ्यास’ असं सादरीकरण करायचं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर ठेवायचं. तीन आठवड्यांत त्याच्या एक्केचाळीस स्लाइड झाल्या. कॅनडात बर्फावरची हॉकी, मंगोलियात कुस्ती, ऑस्ट्रेलियात लंबगोल चेंडूचा एक धसमुसळा फुटबॉल, अमेरिकेत त्याहून धसमुसळा. काम वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. मुळात प्रेक्षक म्हणजे कोण, इथूनच घोळ होता. टीव्ही लावून भाजी निवडणारी बाई एक प्रेक्षक धरायची की अर्धी? सुमो बघायला जाऊन डबा उघडून बसलेला माणूस कुस्तीचा प्रेक्षक की डब्याचा? आणि जो माणूस मैदानात येऊन झोपतो त्याचं काय? या विषयावर त्यानं एक अख्खी स्लाइड केली. तिच्यावर ‘जो बघतो तो प्रेक्षक’ असं ठळक अक्षरांत लिहिलं. हे वाक्य पुढे त्याला फार महागात पडलं.

हे चाललेलं असताना त्याची दहा वर्षांची मुलगी रुचा दारात बूट काढायची, गुडघ्यापर्यंत माती असायची, आणि आत येऊन काहीतरी सांगायची. ती वसाहतीतल्या मुलांच्या बेसबॉल संघात होती. म्हणजे वर्षभर ती बाकावर बसून होती, पण संघात होती. अंबरीषला बेसबॉल हा क्रिकेटचा शाळा अर्धवट सोडलेला चुलतभाऊ वाटायचा. एका संध्याकाळी ती त्याच्या लॅपटॉपशेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, कोंदो वा देरु यो."

"छान, छान," स्क्रीनवरची नजर न काढता अंबरीष म्हणाला.

"काय छान? मी काय म्हणाले?"

"बेसबॉल."

रुचा आत गेली. ‘ह्या वेळी मी खेळणार आहे’ असं ती म्हणाली होती. सहा वर्षं जपानात काढलेल्या माणसाला एवढं जपानी समजत होतं. त्यानं ऐकलं नव्हतं, एवढंच. हे सांगायला लाज वाटते, पण अंबरीषलाही नंतर वाटलीच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

अभ्यासात एक उणीव राहिली होती. जगभरचे आकडे कुठून कुठून उचललेले होते, स्वतः जमवलेला एकही नव्हता. तेवढ्यात दाराच्या मुठीला ‘काइरानबान’ येऊन लटकलं. ही वसाहतीची फिरती पाटी. क्लिप लावलेल्या पुठ्ठ्यावर सूचनांचे कागद असतात. कचऱ्याचे वार बदलले, भूकंपाची कवायत आहे, असं काहीबाही. प्रत्येक कागदावर घरनंबरांची यादी असते. आपण वाचायचं, आपल्या नंबरासमोर शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. त्यांच्या गटात चोवीस घरं होती. मोडकांचा शिक्काही होता, जपानी लिपीत ‘मोदाकु’ असा कोरलेला. अंबरीष तो पोस्टात तिकिटांवर मारतात तसा मारायचा. त्या दिवशीही चार कागद होते. ठक, ठक, ठक, ठक. आणि मग त्याला ती कल्पना सुचली.

त्यानं एक पाचवा कागद तयार केला. ‘तुम्हाला कोणता खेळ बघायला आवडतो?’ बाजूला घरनंबर, पुढे चार रकाने : क्रिकेट, बेसबॉल, सुमो, फुटबॉल. क्रिकेट पहिलं का, तर मुद्दाम नव्हे, लिहिताना आधी तेच सुचलं. भाषांतर मशीननं केलं. समितीची परवानगी वगैरे त्यानं घेतली नाही, कागद सगळ्यात वर लावला आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवली.

आठवड्यानं वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष ओनिशी-सान यांनी तो कागद दोन्ही हातांनी त्याच्या स्वाधीन केला. पंचाहत्तरीचे गृहस्थ, पाठ ताठ, डोक्यावर बेसबॉलची टोपी. अंबरीषनं जिन्यातच कागद बघितला आणि कठड्याला टेकला. तेवीसच्या तेवीस घरांनी शिक्के मारले होते. सगळे पहिल्या रकान्यात. क्रिकेटला!

त्याला शंका आली नाही असं नाही. आली, म्हणून तो शेजारच्या इमारतीतल्या नरेंद्रकाका सहस्रबुद्ध्यांकडे गेला. नरेंद्रकाका वीस वर्षांपूर्वी बँकेच्या बदलीवर आले, ते बँक सोडली तरी इथेच राहिले. जपान्यांविषयी कुठलीही अडचण असली की निशी-कसाईतले मराठी लोक त्यांच्याकडे जात आणि दुसरी अडचण घेऊन परत येत.

"काका, हे खरं असेल?"

नरेंद्रकाकांनी चष्मा कपाळावर चढवून कागद उजेडात धरला. "अहो अंबरीष, जपानी माणूस तोंडानं काहीही म्हणेल. पण शिक्का? शिक्का मारला म्हणजे शब्द दिला! ह्या लोकांना क्रिकेटची भूक आहे, मनात कोंडलेली. तुम्ही पहिले विचारणारे. आता विचारलंत तर नुसतं विचारून सोडू नका. सामना दाखवा!"

त्या रात्री अंबरीषनं ऑफिसातल्या चाळीस जणांना ईमेल केली. विषय होता, ‘जपानमधील क्रिकेट : शंभर टक्के’. मोरिता-सान यांचं उत्तर आलं. "सो देस का." या वेळी त्याला त्यात आदर दिसला.

वसाहतीचं सभागृह मिळवायला तीन फॉर्म भरावे लागले. एक मागणीचा, एक जबाबदार व्यक्तीचा आणि एक सभागृह जसं मिळालं तसं परत करण्याच्या हमीचा. त्यात सपाता किती जोड वापरणार हेही लिहायचं होतं. खिडकीतल्या बाई वही चाळून म्हणाल्या, की पुढचे सगळे रविवार भरलेत, फक्त चोवीस तारखेची सकाळ मोकळी आहे. ती सकाळ दर वर्षी मोकळीच असते. असं म्हणून त्यांनी मान एका बाजूला कलती केली आणि दातांतून हवा आत ओढली, म्हणजे इथल्या रीतीनं ‘जरा अवघड आहे’ असं न बोलता सांगितलं. बाईंची दाढ दुखत असावी असं अंबरीषला वाटलं. दर वर्षी मोकळी का असते, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आमंत्रणाचा कागद या वेळी तो रीतसर ओनिशी-सानकडे घेऊन गेला. त्यांनी तारीख वाचली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग अंबरीषकडे बघितलं.

"ह्याच दिवशी, मोदाकु-सान?"

"ह्याच दिवशी."

"नक्की?"

"अगदी नक्की," अंबरीष छाती काढून म्हणाला. ओनिशी-सान यांनी फार सावकाश शिक्का मारला.

घरी सुलेखानं त्याला फ्रिजसमोर उभं केलं. फ्रिजवरच्या कॅलेंडरात चोवीस तारखेभोवती तिनं लाल गोल केला होता.

"अंबरीष, त्या दिवशी दहाला रुचाची मॅच आहे. माझी चहाची पाळी आहे, मी सहालाच निघणार."

"अगं, तिची मॅच दर रविवारी असते. तेवीस घरं येणारेत माझ्याकडे! पुढच्या वेळी येतो की."

"लाइव्ह मॅच आहे का तुझी?"

"नाही, रेकॉर्डिंग आहे. जुनी, गाजलेली. लाइव्ह रात्री असतात."

सुलेखानं पेन घेऊन तो लाल गोल आणखी एकदा गिरवला. लग्नाला चौदा वर्षं झालेल्या माणसाला त्या गिरवण्याचा अर्थ कळायला हवा होता. पण तो त्या वेळी सपाता मोजत होता.

चोवीस तारखेला नवाच्या ठोक्याला तेवीस घरांतून तेवीस माणसं आली. एकही उशिरा नाही, एकही गैरहजर नाही. दारात बुटांचे तेवीस जोड बाहेर तोंड करून ओळीत लागले. प्रत्येकानं खाऊचं खोकं आणलं होतं. नरेंद्रकाका इंडियन दुकानातला चिवडा घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसून तो स्वतःच खाऊ लागले. अंबरीषचा ऊर भरून आला. त्यानं प्रास्ताविक केलं, पंधरा स्लाइड दाखवल्या आणि सामना लावला.

लोक हात मांडीवर ठेवून बघत होते. चौकार गेला तेव्हा अंबरीषनं टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या. मग काहीही झालं की टाळ्या पडू लागल्या. चेंडू विकेटकीपरकडे गेला, टाळ्या. गोलंदाजानं बुटाची नाडी बांधली, टाळ्या. आपला सलामीचा फलंदाज शून्यावर बाद झाला तेव्हा तर सगळ्यात जास्त, बिचाऱ्याची दया येऊन. एका आजींनी विचारलं, हे केव्हा संपतं? अंबरीष म्हणाला, संध्याकाळी. आजींनी हसून मान लववली आणि पिशवीतून स्वेटर काढून घातला.

दहा वाजून गेले आणि खिडकीबाहेरून आवाज आला. टण्ण. लांबून, बांधापलीकडच्या नदीकाठच्या मैदानावरून. तेवीस माना किंचित खिडकीकडे वळल्या आणि परत पडद्याकडे आल्या. थोड्या वेळानं पुन्हा, टण्ण. पुन्हा तेवीस माना. ओनिशी-सान यांनी घड्याळ बघितलं. मग सगळ्यांनी आपापली घड्याळं बघितली. अंबरीषला वाटलं, सामना रंगात आल्यामुळे लोकांच्या जिवाची घालमेल होतेय. हे असं दीड तास चाललं. दीड तास! शेवटी त्यालाच राहवेना.

"हा आवाज कसला आहे?" त्यानं ओनिशी-सानना हळूच विचारलं.

"धातूच्या बॅटचा," ओनिशी-सान म्हणाले. "मुलांचा सामना आहे. पलीकडच्या वसाहतीशी, वर्षातून एकदा. आम्ही सगळे दर वर्षी जातो."

"मग आज इथे कसे आलात?"

ओनिशी-सान यांना हा प्रश्न अवघड वाटला असावा. ते उठले आणि अंबरीषला बुटांच्या कपाटाशेजारच्या फलकापाशी घेऊन गेले. फिरून आलेले सूचनांचे कागद तिथे टाचलेले असतात. एका कागदावर त्यांनी बोट ठेवलं. चोवीस तारीख, दहा वाजता, नदीकाठ. खाली खेळणाऱ्या नऊ मुलांची नावं. नववं नाव, ‘मोदाकु रुचा’. त्याखाली घरनंबरांची यादी आणि त्यात सगळ्यात ठसठशीत शिक्का, ‘मोदाकु’.

"ह्या शिक्क्याचा अर्थ..." अंबरीषनं विचारलं.

"वाचलं, असा," ओनिशी-सान म्हणाले. "फक्त वाचलं. दुसरा कसला असणार?"

"माझ्या क्रिकेटच्या कागदावर?"

"तिथेही तेच. घरनंबरासमोर मारायचा असतो ना." मग ते फार हळू म्हणाले, "तुम्ही मुलीचे वडील. तुम्हीच ही तारीख ठरवलीत म्हणजे त्यात काही विचार असेल, असं सगळ्यांना वाटलं. परदेशात एकट्यानं कार्यक्रम करताय, खुर्च्या रिकाम्या राहू नयेत, म्हणून आलो."

अंबरीषला त्या क्षणी खाली वाकून एखाद्या बुटात शिरावंसं वाटलं. त्या तेवीस माणसांनी न वाचता एकही शिक्का मारला नव्हता. न वाचता शिक्का मारणारा सगळ्या इमारतीत एकच होता, आणि त्यानंच सगळ्यांचे शिक्के मोजले होते. रेकॉर्डिंग होतं, कुठल्याही दिवशी दाखवता आलं असतं. आपल्या मुलीच्या पहिल्या सामन्याचे सगळे प्रेक्षक पळवून त्यानं त्यांना गोलंदाजाच्या बुटाची नाडी दाखवली होती.

तो आत धावला आणि प्रोजेक्टर बंद केला. मोडक्यातोडक्या जपानीत माफी मागितली आणि म्हणाला, आपण सगळे मैदानावर जाऊ, आत्ता, लगेच. लोक इतक्या चटकन उठले की त्याला आणखी वाईट वाटलं. पण लगेच निघणं शक्य नव्हतं. सभागृह जसं मिळालं तसं परत करायचं होतं, आणि हमीवर सही त्याची होती. खुर्च्या मिटून आकारानुसार लावल्या गेल्या. चहाच्या बाटल्यांची बुचं एका पिशवीत, लेबलं दुसऱ्या, बाटल्या धुऊन तिसऱ्या पिशवीत. जमिनीवर सगळीकडे चिवडा होता. मक्याचे पोहे जळाऊ कचऱ्यात टाकायचे, त्यात वाद नव्हता. पण चिवड्याच्या चकचकीत पिशवीपाशी दोन आजोबांचं प्लास्टिक की जळाऊ यावर एकमत होईना. नरेंद्रकाकांनी सल्ला दिला आणि तो बरोबर विरुद्ध निघाला. बाहेरून एक टण्ण आला, मोठा, आणि त्यामागे मुलांचा ओरडा. अंबरीष गुडघ्यांवर बसून फडक्यानं जमीन पुसत होता. त्याचे डोळे भरून आले होते, पण शेजारी ओनिशी-सान पुसत असल्यामुळे त्यानं ते चिवड्यातल्या तिखटावर ढकललं. त्यानंतर आवाज आला नाही.

बांध चढून सगळे वर पोचले तेव्हा मैदानात दोन्ही संघ ओळीत उभे होते. वसाहतीच्या बाजूला प्रेक्षकांच्या जागी चार लांब बाकं होती आणि त्यांवर सुलेखा, चहाचा पिंप आणि पिंपाशेजारी आणखी एक आई. सामना संपला की मुलं बघायला आलेल्यांचे आभार मानतात, अशी इथे रीत आहे. अंबरीष आणि त्याच्यामागून तेवीस माणसं धापा टाकत बाकांपाशी पोचली, तेवढ्यात वसाहतीच्या संघाचा कप्तान ओरडला. नऊ टोप्या निघाल्या, नऊ डोकी कमरेपर्यंत खाली गेली. समोरची सगळी माणसंही, अंबरीषसकट, उलट वाकली.

"आरिगातो गोझाइमाश्ता!"

पाहिल्याबद्दल आभार. टोकाला उभी असलेली रुचाही वाकली, बाकीच्यांइतकीच, तेवढाच वेळ. तिनं मान वर केली तेव्हा तिला बाबा दिसला. तो अजून वाकलेलाच होता. तेवीस माणसं सरळ झाली तरी तो सरळ झाला नाही. न पाहिलेल्या खेळाचे आभार घेऊन मान कशी वर करायची, हे त्याच्या एक्केचाळीस स्लाइडमध्ये कुठेच नव्हतं.

"ऊठ आता," सुलेखा म्हणाली. "तीन-एक हरलो. तो एक तिच्यामुळे आला."

रुचा जवळ आली. नाकावर माती, टोपी हातात.

"मी एक मारला, बाबा."

"ऐकला मी!" अंबरीष घाईघाईनं म्हणाला. "सभागृहात ऐकू आला. केवढा मोठा आवाज! टण्ण!"

रुचानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तो त्यांच्या मुलानं मारलेला. माझा बंट होता. बॅट नुसती आडवी धरायची आणि चेंडू पायाशी टाकायचा." तिनं हातानं आडवी धरून दाखवली. "बंटचा आवाज येत नाही. बघावा लागतो."

"चुकलं माझं, रुचा," तो म्हणाला. "तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. कागद आला आणि मी वाचला नाही. मला फार लाज वाटते." हे त्यानं मराठीत सांगितलं, आणि मग ओनिशी-सान मागे उभे होते म्हणून जपानीतही. जपानीत ते दुप्पट लांब झालं.

रुचानं टोपी डोक्यावर घातली. तिच्या पाळीचं काम राहिलं होतं. सामन्यानंतर मुलंच मैदान सारखं करतात. लांब दांड्याची एक लाकडी फळी तिथे पडली होती, ती तिनं उचलली आणि बाबाच्या हातात दिली.

ऑफिसच्या कपड्यांत अंबरीष मोडक नदीकाठच्या मातीत फळी ओढू लागला. मागे बाकांवर तेवीस माणसं शिस्तीत बसली, हात मांडीवर. त्यानं पहिला पट्टा ओढून पूर्ण केला तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्यालाही पडल्या. नरेंद्रकाकांनी तर ‘वाहवा’ केली. जो बघतो तो प्रेक्षक, हे खरं धरलं तर त्या दिवशी वसाहतीत सर्वांत जास्त प्रेक्षक लाभलेला खेळ हाच होता.

रुचा पिंपाशेजारी बसून चहा पीत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. पण तिची नजर हलत नव्हती.

"बाबा," ती ओरडली, "पहिल्या बेसपाशी राहिलंय. परत."

अंबरीष परत फिरला.